मेंढरांनी घासलेले खांब

अन्याय गोजराबाईवर झाला. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तिची मेंढरं सावलीला बसलेली असताना. ठिकाण गेवराई तालुका, उमापूरच्या अलीकडचं एक गाव, तिथल्या महादेवाच्या देवळाचा दगडी सभामंडप. पत्रकं लिहिता लिहिता मी एवढंच शिकले, की कुणावर, कधी आणि कुठं हे पहिल्या चार ओळींत आलं नाही, तर वाचणारा त्या कागदात भेळ बांधतो.

देवस्थान समितीची माणसं काठ्या घेऊन आली. गोजराबाई खांबाला पाठ लावून लोकर कातत बसली होती. तिची सासू त्याच खांबाला टेकून बसायची, सासूची सासूही. धनगराच्या घरातल्या बाईनं दुपारी मेंढरं मंडपात बसवायची, जाताना लेंड्या झाडून काढायच्या आणि महादेवापुढं दिवा लावायचा, हा त्या गावचा रिवाज होता. कुणी लिहून दिलेला नव्हता. म्हणूनच मोडायला सोपा गेला.

"ऊठ गं," समितीतला एकजण म्हणाला, "इथं आता देवाचं काम हाय."

"मंग आजवर काय भुताचं चाललंतं व्हय रं?" असं आपण म्हणालो, असं गोजराबाई सांगते. समितीचे लोक सांगतात, ती काही न बोलता उठून गेली. माझा विश्वास गोजराबाईवर आहे. तिला काही न बोलता मी अजून पाहिलेलं नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी आला आणि त्यानं मंडप पाडला.

या अंकाच्या संपादकांनी मला कामाचे अनुभव लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, हे निवृत्त लोकांनी लिहायचं असतं. माझी तिशीही झाली नाही. पण ज्या कामाबद्दल लिहायचं ते इतकं जुनं आहे, की माझ्या वयाला तिथं काही किंमत नाही. तेव्हा लिहिते. आणि शांतपणे लिहिणार नाही, हे आधीच सांगते.

मी गेवराईची. कॉलेजात असताना गोदावरीतून वाळू उपसणाऱ्या गाड्यांविरुद्ध पत्रकं लिहायची, वाटायची आणि महामार्गावर उभं राहून ओरडायचं, हा माझा उद्योग. गावात मला शीतल म्हणून कमी आणि 'पत्रकवाली' म्हणून जास्त ओळखतात. एकदा असंच एका ट्रक ड्रायव्हरशी मी भांडत होते. मागं दगड भरलेला दुसरा ट्रक अडकला होता. त्यातून काळा गॉगल घातलेला, गळ्यात सोन्याची साखळी असलेला एक माणूस उतरला, शेवटपर्यंत भांडण ऐकत उभा राहिला आणि मला म्हणाला, "हमारे साथ काम करेगी? हमको चिल्लानेवाला आदमी चाहिए."

तो शण्मुगम. कुंभकोणमकडचा स्थपती. स्थपती म्हणजे देऊळ आखणारा, दगड निवडणारा आणि पाथरवटांच्या टोळीचा प्रमुख, तिन्ही एकात. शिल्पशाळेची पदविका घेतलेला, पिढीजात आणि कमालीचा गर्विष्ठ. 'मी कारागीर नाही, स्थपती आहे' हे वाक्य त्याला मराठीत येतं. बाकी मराठी येत नाही. त्याची टोळी आपल्या भागात देवळं बांधते आणि दुरुस्त करते. त्याला हिंदी येते, पण फक्त हुकूम सोडण्यापुरती. म्हणून मी. मजूर जमवणं, क्रेनवाल्यांशी भांडणं, समित्यांशी बोलणं आणि दगडांवर खडूनं खुणा घालणं, ही माझी नोकरी.

समित्या ही या धंद्यातली सगळ्यात अवघड वस्तू. दगड एकदा कळला की कळला. आष्टी तालुक्यातल्या एका गावाला गोपुर हवं होतं. किती उंच? तर शेजारच्या गावच्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच. "त्यांची टाकी दिसती आमच्या देवळातून," त्यांचा अध्यक्ष म्हणाला, "आरतीच्या टायमाला लई खुपती." शण्मुगमनं मान हलवली आणि टाकी बघायला गेला. मला वाटलं चिडला असेल. पण परत येऊन तो म्हणाला, त्याच्याकडच्या राजांनीही गोपुरं याच कारणासाठी वाढवली होती, फक्त तेव्हा टाक्या नव्हत्या.

आपल्याकडं हल्ली गोपुराची हौस आली आहे. लोक तिरुपती, रामेश्वर करून येतात, मोबाइलमध्ये फोटो आणतात आणि म्हणतात, असं पाहिजे. सिमेंटचं, सात रंगांत. म्हणून गोपुर काय असतं ते सांगते. गोपुर म्हणजे वेस. गावाला वेस असते तशी देवळाच्या आवाराला. आत देऊळ असतं म्हणून बाहेर गोपुर असतं.

आणि ते आतलं देऊळ म्हणजे उभं माणूस. ही माझी उपमा नाही, त्यांच्या शास्त्रातली नावंच तशी आहेत. खाली अधिष्ठान, म्हणजे बैठक. त्यावर पाद, म्हणजे पाय. भिंतींना आणि खांबांना ते पायच म्हणतात. त्यावर खांद्यासारखा पुढं आलेला दगडांचा थर, प्रस्तर. मग ग्रीवा, मान. मानेवर शिखर, म्हणजे डोकं. डोक्यावर शेंडीसारखी स्तूपी, आपला कळस. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गेवराईतल्या आमच्या साध्या देवळासमोर जाऊन अर्धा तास उभी राहिले. लहानपणापासून पाहिलेली वस्तू अचानक माझ्याकडं बघायला लागली होती.

दगडही बघून नाही, ऐकून घेतात. शण्मुगम हातोडीनं टक् करतो आणि कान लावतो. घंटेसारखा वाजला तर तो नर, त्याची देवाची मूर्ती. काशाच्या थाळीसारखा वाजला तर मादी, त्याची देवी किंवा मूर्तीखालचं पीठ. वाजलाच नाही तर तो मुका, त्याला पायाभरणीत घालायचं. मी म्हटलं, म्हणजे सगळा भार ज्याच्यावर, त्यालाच आवाज नाही? शण्मुगम म्हणाला, "हां. आवाज वाला कभी वजन नहीं उठाता." हे वाक्य मी नंतर एका पत्रकात वापरलं. त्याला सांगितलं नाही.

तर उमापूरजवळच्या त्या गावानं आम्हाला गोपुरासाठी बोलावलं. समितीचे अध्यक्ष अण्णा. जमीन, पांढरा शर्ट, जीप, तालुक्यात ओळखी. माणूस वाईट नाही. गावात पाणी त्यांनीच आणलं आहे, हे गोजराबाईही कबूल करते. त्यांनी मोबाइल पुढं केला. "असं पायजे. सेम. मधी मोठा हॉल, म्होरं गोपुर. हेमाडपंती काय, आता सगळीकडंच हाय. साऊथचं कुणाकडं न्हाई."

शण्मुगमचं मोबाइलकडं लक्ष नव्हतं. देवळाचा गाभारा तेवढा उभा होता. समोर, विहिरीच्या बाजूला, काळ्या दगडांचा ढीग पडला होता. खांब, तुळया, बैठकीचे दगड, छताचे तुकडे, सगळं एकावर एक ढकललेलं. त्यानं गॉगल काढला. मग चपला काढल्या. अनवाणी तो ढिगाऱ्यावर चढला, खिशातून हातोडी काढली आणि एका आडव्या खांबावर टक् केलं.

खांब वाजला. स्वच्छ, लांबवर. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांनी माना वळवल्या.

मग तो एकेक दगड वाजवत हिंडला. गोलावर गोल कड्या कोरलेले खांब. चाकावर फिरवून घडवल्यासारखे गुळगुळीत, दगडाचे, तेही आपल्या या काळ्या, चिवट दगडाचे. खांबाच्या डोक्यावर बसणारे कीचक, म्हणजे दोन्ही हातांनी छत उचलून धरलेले बुटके लोक. जेसीबीनं पाडल्यावरही त्यांनी हात खाली केले नव्हते. एका तुळईच्या पोटावर हंसांची रांग, एकाचीही मान दुसऱ्यासारखी नाही. शण्मुगम त्या हंसांवरून बोट फिरवत तमिळमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या कामाचं त्याला कौतुक करताना मी पाहिलं नव्हतं.

खाली उतरून तो अण्णांना म्हणाला, "आपको साऊथ का मंदिर चाहिए? ये है."

"हे? हे तर आमचं जुनं हाय."

मग त्यानं हातवारे करून, मी मराठीत करून, सांगितलं. एके काळी या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. कल्याणी कन्नड मुलखात. त्यांच्या पाथरवटांचे हात इथपर्यंत पोचले. बैठकीच्या या पट्ट्या, खांबांच्या या कड्या, तिकडचे दगड घडवणारे आजही ओळखतात. "मेरा हाथ नहीं," शण्मुगम म्हणाला, "कन्नडवाले का हाथ. लेकिन हमारा चचेरा भाई. आपने घर गिराया, अब बोलते हो वेस बनाओ. किस का वेस?"

अण्णांचा चेहरा उतरला. पण पुढारी माणूस, सावरला. "बरं. मंग उभा करा. आमी कुठं न्हाई म्हणतो? पण श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या आत. त्या दिवशी सगळा तालुका येणार. झालं न्हाई तर हा ढीग खडी क्रशरला जाणार. त्यांची बोलणी झाली हायत. जागा मोकळी पायजे."

खडी क्रशर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठा जबडा असलेलं यंत्र, एका बाजूनं दगड घालायचा, दुसऱ्या बाजूनं रस्त्याची खडी. ते हंस महामार्गाच्या डांबराखाली जाणार होते. मी तिथंच ओरडायला सुरुवात केली. शण्मुगमनं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "अभी नहीं. अभी पत्थर गिन."

इथं अडचण समजावून सांगते. अशा मंडपात चुना नाही, सिमेंट नाही, लोखंड नाही. दगडावर दगड, आणि वजनानं सगळं जागच्या जागी. कीचक खांबावर बसतो ते खुंटी आणि खाच जुळवून. ती हातानं कोरलेली, म्हणून कोणता कीचक कोणत्या खांबावर हे आम्ही पटकन जुळवलं. पण खांब खाली नुसता सपाट दगडावर उभा असतो. दिसायला सगळे सारखे. प्रत्यक्षात प्रत्येकाची उंची बोटा-दोन बोटांनी वेगळी, कारण बैठक जिथं दबली तिथं जुन्या पाथरवटांनी खांब तेवढा लांब ठेवला. कोणता खांब कुठला, हे चुकलं तर वरची तुळई एका कोपऱ्यात उचललेली राहते. शहाणी माणसं पाडायच्या आधी दगडांवर आकडे टाकतात. जेसीबीला आकडे येत नाहीत.

आम्ही बैठक होती तशीच पुन्हा बसवली, मोजमाप घेतलं, अंदाज बांधला आणि तीन पायांच्या लोखंडी घोडीला साखळी लावून खांब उभे केले. पहिली तुळई चढवली. शण्मुगमनं वर हात ठेवला. तुळई डुलली. सगळी माणसं मागं सरली. तुळई उतरवली, खांब बदलले, पुन्हा चढवली. पुन्हा डुलली.

"कावून डुलतंय बे?" समितीतल्या एकानं आमच्या साखळी ओढणाऱ्या गड्याला विचारलं. "सिमेंट घाला की फटीत."

"सिमेंट डालेगा तो मैं जाएगा," शण्मुगम म्हणाला. मी हे भाषांतर जरा जास्त जोरात केलं.

गोजराबाई हे सगळं रोज बघत होती. मेंढरांना पाणी पाजायला ती विहिरीवर यायची. मंडपाभोवती समितीनं दोरी बांधली होती, ती ओलांडायची नाही. दोरीच्या पलीकडून बोलायची. "काय गं पत्रकवाली, झाला का उभा? का देवाला आडवाच निजवताय?" मी गप्प बसायचे. मला गप्प बसवणारी तालुक्यात ती एकटीच.

एका सकाळी शण्मुगम एका आडव्या खांबापाशी उकिडवा बसला होता. खांबाचा खालचा चौकोनी भाग एका ठिकाणी काळा आणि तुकतुकीत होता. आडवा पट्टा, कडेच्या धारा गोल झालेल्या. त्यावर कोरलेल्या नर्तकीचे गुडघे पार पुसून गेलेले. त्यानं दुसरा खांब बघितला. तिथंही तसाच पट्टा, त्याच उंचीवर. त्याच्याकडच्या देवळांत माणसांचे हात लागून खांब असेच तुकतुकीत होतात, पण छातीच्या उंचीवर. हे मांडीच्या खाली.

"शीतल," त्यानं मला हाक मारली, "इस गाँव में आदमी लोग इतना छोटा था क्या?" आणि हातानं उंची दाखवली.

दोरीपलीकडून गोजराबाई खो खो हसली. हिंदी तिला चांगली कळते, परभणी-नांदेडकडं मेंढरं घेऊन फिरलेली बाई. "इचार त्याला, मेंढरू बघितलं न्हाई का कदी? अंग खाजवत्यात ती. पिढ्यान्‌पिढ्या खाजवत्यात. लोकरीचं त्याल बसलंय त्या धोंड्याला."

मी सांगितलं. शण्मुगम सावकाश उभा राहिला. त्यानं सगळ्या खांबांवरून नजर फिरवली. मग त्यानं असं काही केलं, जे त्याच्यासारख्या माणसानं करणं मी कल्पिलंही नव्हतं. तो दोरीपाशी गेला आणि गोजराबाईला हात जोडले.

"अम्मा," तो म्हणाला, "भेड़ किधर से अंदर आता था?"

अण्णा तोवर आले होते. गोजराबाईनं त्यांच्याकडं बघितलं. "सांगते. पण मंडप उभा राह्यला, तर माझी मेंढरं आत बसतील का न्हाई, ते आदी सांगा."

"बघू," अण्णा म्हणाले.

"बघू म्हंजी न्हाई. मला कळतं ते." तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "तरी सांगते. तुमच्यासाटी न्हाई, अण्णा. खांबांसाटी. त्यांचा काय गुन्हा हाय?" आणि दोरी ओलांडून ती आत आली. कुणी अडवलं नाही.

मग तिनं दाखवलं. मेंढरं विहिरीकडून यायची. जमीन वाढून बैठकीला टेकलेली, त्यामुळं पायरी नव्हती, सरळ आत. पहिल्या दोन खांबांच्या मधून सगळा कळप एकदम रेटायचा. म्हणजे त्या दोन खांबांची समोरासमोरची अंगं सगळ्यात जास्त घासलेली असणार. मधल्या खांबांभोवती मेंढरं कशीही बसायची, ते चारी बाजूंनी घासलेले. गाभाऱ्याच्या दारापाशी ती काठी आडवी टाकायची, मेंढरू देवापर्यंत जाऊ द्यायचं नाही. म्हणजे त्या दोन खांबांना पट्टाच नसणार, आणि ज्या बाजूला दिवा, तिथं काजळी.

शण्मुगम खडू घेऊन नुसता पळत होता. गड्यांकडून एकेक खांब फिरवून घेऊन बघत होता आणि ओरडत होता, "ये! ये अंदर का! ये दरवाजे का!" नेमकी उंची पाहिजे म्हणून गोजराबाईनं एक मेंढी आणली. उभ्या केलेल्या एका खांबाशी मेंढी गेली, वास घेतला आणि कुणी न सांगता अंग घासायला लागली. शण्मुगमनं तिच्या पाठीच्या रेषेत खडूची रेघ मारली. मेंढीला ते आवडलं नाही. तिनं त्याच्या गुडघ्याला धडक दिली.

"तिला पण स्थपती व्हायचंय," गोजराबाई म्हणाली.

आणि त्याच रेषेनं आमची चूक दाखवली. आम्ही उभा केलेला एक खांब अगदी साधा होता, कोरीव काम नाही, कीचक बसवायची खुंटी नाही, दोन्ही टोकं चौकोनी आणि सपाट. त्याच्यावरचा तुकतुकीत पट्टा मेंढीच्या पाठीपाशी नव्हता, माणसाच्या डोक्यापाशी होता. शण्मुगमनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. खांब उलटा होता. पदविकेच्या, पिढ्यांच्या आणि सोन्याच्या साखळीच्या माणसानं खांब डोक्यावर उभा केला होता. तो एवढा हसला, की त्याला खाली बसावं लागलं. हा गर्विष्ठ माणूस स्वतःवर हसू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर आमचं भांडण कमी झालं.

सगळे खांब लागले. एक सोडून.

त्या एका खांबावर मेंढ्यांचा आडवा पट्टा फिका होता. पण एका बाजूला, मधोमध, उभा पट्टा होता. जमिनीपासून जरा वर सुरू होणारा, हाताच्या पंजाएवढा रुंद, आरशासारखा. त्याच्या वर एक गोल, तेलकट, काळा डाग. मेंढी तशी उभी घासत नाही. शण्मुगमला कळेना. मलाही कळेना. जागा एकच मोकळी होती, पण बाजू चार.

गोजराबाई त्या डागाकडं बघत उभी होती. तिनं बोट लावलं, वास घेतला. मग दक्षिणेकडच्या मोकळ्या जागेवर जाऊन खाली बसली. एक पाय मुडपलेला, एक लांब. तोंड विहिरीकडं. "हितून वारा येतो," ती म्हणाली, "आन्‌ मेंढरं बी दिसत्यात, पाणी बी दिसतं. आत्याबाई हितंच बसायच्या. मी बी."

खांब साखळीला टांगलेला होता. शण्मुगमच्या इशाऱ्यावर गड्यांनी तो तिच्या मागं, सावकाश, तसूतसूनं खाली उतरवला. दगड दगडावर टेकला. गोजराबाई मागं रेलली. तिची पाठ त्या उभ्या पट्ट्यात बसली आणि डोकं त्या गोल डागावर. तीन पिढ्यांच्या खोबरेल तेलाचा डाग होता तो.

मी अनेक देवळांवर काम केलं आहे. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी कोरतात, तो क्षणही मी पाहिला आहे, जेव्हा दगड बघायला लागतो. पण खांब आपल्या जागी बसला, हे मी त्या एकदाच पाहिलं.

तुळई चढवली. शण्मुगमनं हात ठेवला. मग आपल्या सगळ्या वजनानं तो तिच्यावर रेलला. तुळई हलली नाही.

त्यानंतरचं काम झरझर झालं. तुळयांवर छत चढलं. ते छत बघाच एकदा. चौकावर तिरका चौक, त्यावर पुन्हा तिरका चौक, प्रत्येक वेळी लहान होत होत शेवटी एकच दगड, त्यावर उमललेलं कमळ. सगळा भार खाली खाली वाटला जात खांबांवर येतो. ना खिळा, ना चुना. सिमेंटच्या आमच्या सभागृहांना दहा वर्षांत गळती लागते, आणि हे लोक दगडाला दगडानं धरून गेले. ज्यांनी हे केलं त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. राजांची असतात.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तालुका आला. अण्णांनी नारळ फोडला, भाषण केलं आणि शण्मुगमला शाल दिली. मला साडी दिली. गोजराबाई बायांच्या रांगेत, बरीच मागं, उभी होती. भाषणात तिचं नाव आलं नाही. मेंढीचं तर नाहीच. शण्मुगमनं शाल खांद्यावरून काढली, रांगेतून वाट काढत मागं गेला आणि तिच्या खांद्यावर टाकली. टाळ्या वाजल्या. अण्णांनीही वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातं?

पुढच्याच आठवड्यात जाळी आली. लोखंडी, चकचकीत, मंडपाच्या चारी बाजूंनी. पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी हौसेनं दिलेली. दाराला कुलूप. वर पाटी: जनावरांना आत सोडू नये.

मी अण्णांच्या ओट्यावर गेले. ते म्हणाले, "पोरी, मेंढरांच्या मुतानं दगड खराब व्हतो. तुझ्या स्थपतीला इचार." मी विचारलं होतं. खरं आहे, होतो, क्षार बसतात. शण्मुगमनंच सांगितलं. पण त्यानं पुढं हेही सांगितलं, की रोज झाडलं, धुतलं, तर काही होत नाही. गोजराबाईच्या घरातल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडलं, धुतलं, म्हणूनच तो दगड आजही वाजतो. जेसीबीनं एका दुपारी जेवढं मोडलं, तेवढं मेंढरांनी शेकडो वर्षांत मोडलं नाही. हे मी अण्णांना जसंच्या तसं, जरा मोठ्या आवाजात सांगितलं.

"बघू," ते म्हणाले.

आज दुपारी त्या गावात गेलात, तर मेंढरं विहिरीकाठच्या बाभळीखाली दिसतील. तिथं सावली कमी आहे, ती एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी असतात. गोजराबाई जाळीच्या बाहेर, त्याच दक्षिणेच्या बाजूला, एक पाय मुडपून बसलेली असेल. तिच्या मागं हातभर अंतरावर तो खांब आहे. मध्ये लोखंड. ती लोखंडाला टेकत नाही. ताठ बसून लोकर कातते.

आमची टोळी आता दुसऱ्या गावी आहे. तिथल्या समितीला सात रंगांचं गोपुर हवं आहे, आणि शण्मुगम त्यांच्या जुन्या देवळाचे दगड वाजवून बघतो आहे. मला तिकडं जायला हवं. म्हणून हे तुमच्यावर सोपवते.

तुम्ही कुठलेही असा, तुमच्या गावच्या जुन्या देवळात जा. खांबाला हात लावा, खालच्या बाजूला, मांडीच्या उंचीवर. दगड तुकतुकीत लागला, तर तिथं कोण घासत होतं, कोण टेकत होतं, आणि त्यांना कुणी उठवलं, हे विचारा. आणि तुम्ही त्या उमापूरजवळच्या गावचे असाल, पुण्या-मुंबईहून जाळी पाठवणाऱ्यांतले असाल, तर तुमचं काम सोपं आहे. दिवाळीला गावी जाणारच आहात. किल्ली अण्णांच्या ओट्यावर, दाराच्या डाव्या खुंटीला टांगलेली आहे. ओट्यावर जाऊन बसा आणि ती मागा.

अण्णा 'बघू' म्हणतील. तुम्ही उठू नका.